उंधियूच्या पानावरचं अर्धं वाक्य

आई गेल्यानंतरही बाबांच्या कॉम्प्युटरवर तिच्या आजारपणाच्या जाहिराती येत राहिल्या. वॉकर, कमोडची खुर्ची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. या वस्तू मीच त्या कॉम्प्युटरवर शोधल्या होत्या. बाबा मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आता शहराच्या समा भागात एकटेच राहतात. तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नाही. त्या गादीचं काही करता येईल का बघ, एवढंच ते फोनवर म्हणाले.

रविवारी मी फतेगंजच्या माझ्या घरून त्यांच्याकडे गेले आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाहिरातवाल्यांच्या कुकीज बंद केल्या. आता आपण काय शोधलं ते त्यांना कळणार नाही, असं बाबांना समजावलं. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. गादी तिथेच होती. मग माझ्या लक्षात आलं, की आधीपासून उघड्या असलेल्या पानांना नवी सेटिंग लागू होत नाही; प्रत्येक पान रिलोड करावं लागतं. आणि आमच्या घरात टॅब बंद करायची सवय कुणालाच नव्हती.

मी एकेक टॅब रिलोड करत गेले. एका टॅबवर थांबले. मेथीचे तळलेले गोळे, म्हणजे मुठिया, घालून करायच्या उंधियूची पाककृती होती, आणि खाली प्रतिक्रियेच्या चौकटीत आईने लिहायला घेतलेलं वाक्य. 'मेथीला आधी मीठ लावून पिळून घ्या, नाहीतर मुठिया'. पुढे काही नव्हतं. रिलोड केलं तर हे पुसलं जाईल, मी बाबांना म्हटलं. हवं तर हा टॅब सोडून देऊ.

बाबांनी चष्मा लावून वाचलं.

"नाहीतर मुठिया काय?"

"तेलात फुटतात."

"मग तसं लिही आणि पाठव. कुणीतरी करत असेल."

मी लिहिलं आणि पाठवलं. पाठवताच पान आपोआप रिलोड झालं. आईच्या नावाखाली पूर्ण वाक्य आलं आणि बाजूला गादीऐवजी टायरची जाहिरात. "टायर चालशे," बाबा गुजरातीत म्हणाले.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. त्या पानावर एका बाईंनी विचारलं होतं, मीठ लावून मेथी किती वेळ ठेवायची. मी सांगितलं. उत्तर बाबांनी स्वतः टाइप केलं.