गच्चीवरच्या भाताचे लाल ठिपके

तळवलीच्या नामदेवांची शेती कधीच शहराखाली गेली होती, पण खाऱ्या जमिनीतलं लाल भाताचं वाण त्यांनी गच्चीवरच्या कापलेल्या पिंपात दरवर्षी पेरून जिवंत ठेवलं होतं. त्यांची मुलगी नमिता वाशीच्या एका प्रयोगशाळेत त्याच भाताची गुणसूत्रं पाहत होती. कोवळ्या मुळाचं टोक काचेवर पसरायचं आणि त्यावर खारेपणा सोसणाऱ्या जनुकाशी जुळणारा, चमकत्या रंगाचा डीएनएचा तुकडा सोडायचा. तो आपल्या जोडीची जागा शोधून तिथंच चिकटतो. कित्येक महिने काहीच चमकलं नाही. आज चमकलं, तशी तिनं बाबांना बोलावून घेतलं.

अंधाऱ्या खोलीत नामदेव सूक्ष्मदर्शकावर वाकले. काळोखात निळी गुणसूत्रं तरंगत होती आणि त्यातल्या दोहोंवर लाल ठिपके पेटले होते. भरतीच्या पाण्यानं वेढलेल्या आपल्या बांधावर उभं असल्यासारखं त्यांना वाटलं.

"ह्या सगला आपल्या भातान हाय?"

"हो बाबा, आपल्याच भातात. पण सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली फार वेळ ठेवलं की रंग विझत जातो."

"मंग बंद कर गो," ते घाईनं म्हणाले.

नमितानं दिवा बंद केला. दोघं तशीच अंधारात बसून राहिली. उठावंसं कुणालाच वाटेना.