सातवी नदी

काकूंनी बाटली बेसिनमध्ये उलटी केली. मग आईला म्हणाल्या, "हात धू. साबणानं."

आई हिमायतनगरात काकूंकडं पोळ्या करायची. त्यांच्या मुलाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. कलशात सात नद्यांचं पाणी हवं, असं काकूंनी मनावर घेतलेलं. पाहुण्यांनी सहा आणल्या. पुण्याच्या नणंदबाई कृष्णेची बाटली घरीच विसरून आल्या. काकूंचा चेहरा उतरला तसं आईला राहवलं नाही. आमच्या शहरातून वाहणारी मुसी नदी अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते. तिथल्या देवाला आम्ही श्रावणात जाऊन आलो होतो. तिथल्या पाण्याची बाटली आमच्या देव्हाऱ्यात होती. आईनं घरी येऊन ती कोऱ्या खणात गुंडाळून माझ्या हाती दिली, नि आम्ही दोघी काकूंकडं आलो.

"डोंगरातलं हाये ताई. एकदम साफ," ती म्हणाली.

काकू हसल्या. पाहुण्याही हसल्या.

"अगं, मुसी म्हणजे गटार. देवापुढं गटार मांडू?"

आई कोपरापर्यंत हात धूत राहिली. याच हातांच्या पोळ्या त्या घराला रोज चालायच्या. मी कणकेची परात धरून उभी. मला लाज वाटली. काकूंची नाही, आईची. त्या लाजेची लाज अजून जात नाही. अंबरपेठेत नदीकाठी राहतो, हे मी जामबागच्या कॉलेजात कुणाला कळू दिलं नव्हतं. बाही हुंगून मगच वर्गात शिरायची.

"तूही धू," काकू मला म्हणाल्या. "बाटली तूच आणलीस ना?"

बेसिनमधून पाणी गुळगुळत खाली चाललं होतं. कुठं जातं ते मला ठाऊक होतं. हिमायतनगरचा नाला आमच्या वस्तीमागून मुसीत पडतो. डोंगरात हीच नदी मी ओंजळीनं प्यायले होते. मग गटार केलं कुणी?

"नाही धुणार," मी म्हणाले. "काकू, तुमचं हे बेसिन आमच्या दारात रिकामं होतं."

कुणी हसलं नाही. आईनं माझा दंड दाबला. काम जाईल, ही भीती तिच्या डोळ्यांत उभी होती. काम गेलंच. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रिकामी बाटली घासून तिनं परत देव्हाऱ्यात ठेवली.

पूर्वी मी ऑटोतून अलीकडच्या चौकातच उतरायची. आता ऑटोवाल्यानं "किधर उतरते?" विचारलं की सांगते, "मुसी के बाजू." त्यानं नाक दाबलं तर त्याचं घर कुठं, ते विचारते.

कलशासाठी आमच्या दारी कुणी आलं, तर पाणी मिळणार नाही. सांगेन, आधी आपला नाला कुठं जातो ते बघून या.