गायीचं दावं आणि आंबोलीचा उतार

आंबोलीच्या नाक्यावर चहा विकणाऱ्या काकींमुळे मी घाट उतरून धड घरी पोचलो, हे आधीच सांगतो. शाळा सातवीत सोडून मी बेळगावात छापखान्यात लागलो होतो. साठ सालच्या सुमारास रजा मिळाली, तेव्हा जुनी सायकल काढून एकटाच निघालो. घाट आणि सावंतवाडीचं तळं बघत मालवणला घरी जायचा बेत होता. आंबोलीत पोचेपर्यंत ब्रेकचे रबर झिजले आणि पुढे तर सगळा उतारच. सायकल टेकवून काकींकडे चहा मागितला.

चहा देताना काकींनी विचारलं, "खंय चल्लंस रे?"

"सावंतवाडीक. तळा बघूक."

"ब्रेक लागतत?"

"थोडे लागतत."

"मगे थोडोच पोचतलंस!"

त्यांनी आपल्या गायीचं दावं सोडलं, त्या दाव्याने जांभळीची मोडकी फांदी माझ्या कॅरिअरला बांधली, आणि गाय जुन्या लुगड्याच्या चिंधीने अडकवली. "ही फांदी पाठसून ओढता. पळाक देवची नाय," म्हणाल्या.

फांदी घाटभर खरडत राहिली आणि सायकल बैलगाडीच्या चालीने उतरली. समोरून येणारा ट्रकवाला ओरडला, "रान घेवन खंय रे?" मलाच हसू फुटलं.

पायथ्याशी बघतो, तर दावं घासून तुटायला आलेलं. सावंतवाडीचं तळं पाहिलं, पण मन चिंधीने बांधलेल्या त्या गायीपाशीच होतं.

परतताना एसटी त्या नाक्यावर थांबली नाही, आणि अजून जाणं झालेलं नाही. पण आमच्याकडच्या काथ्याचं दावं मी स्वतः वळीन आणि एक दिवस घाट चढून काकींच्या हातात देईन.