शेवटच्या डब्याला कुंकू
हिरव्या रंगात कालवलेल्या लाकडी भुशाचा वास आला की मला आमच्या गणपतीपुढची आगगाडी आठवते. प्लायवूडचे डबे पॉलिशपेपरनं घासून मी असे रंगवले होते की औरंगाबाद स्टेशनवरची खरी गाडी लाजावी. मोडक्या टेपरेकॉर्डरच्या मोटारीवर ती मूर्तीभोवती फिरायची. पहिल्या आरतीला शेजारचे चाचा आले, रेल्वेतले निवृत्त गार्ड. आईनं कापूर पेटवला, मी बटण दाबलं आणि चाचांनी हात आडवा केला. "रोको बेटा! आखरी डब्बे की लाल बत्ती कहाँ है?" मी म्हणालो, "चाचा, खेळण्यातली गाडी आहे." "तो क्या हुआ? मागचा डबा तुटून राहिला तर पुढच्या स्टेशनला कळणार कसं, गाडी पुरी आली का नाय?" कापूर विझत आला तशी आई वैतागली. तिनं ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि शेवटच्या डब्याच्या पाठीवर टेकवलं. चाचांनी वाकून तपासलं, खिशातली शिट्टी फुंकली, तेव्हा कुठं गाडी आणि आरती सुटली. विसर्जनाला मूर्ती घेऊन वडील पुढं, शेजारीपाजारी मागं आणि दाराला कुलूप लावून सगळ्यात शेवटी मी, नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टात. पण कुणी पाऊल उचलेना. रोजच्या आरतीसारखी चाचांची शिट्टी अजून वाजली नव्हती. चाचा आईच्या ताटातलं कुंकू घेऊन थेट माझ्यामागं आले आणि पाठीवर ठसठशीत टेकवून म्हणाले, "अब छोडो!" तो डाग कधीच निघाला नाही. अजूनही कुठल्या रांगेत शेवटी उभा राहिलो की पाठ मोकळी-मोकळी वाटते. पुढच्यांना कळणार कसं, सगळे आले का नाय?