दिल्लीवर लिही, विहिरीवर नको

डिझेल इंजिनाचा धूर नाकात गेला की मला आमच्या उमेळे गावच्या नाक्यावरचा काळा फळा आठवतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आमचे सगळे वाद तिथेच व्हायचे. रीत अशी, की ज्याला जे म्हणायचंय ते त्याने खडूने नावानिशी लिहायचं आणि दुसऱ्याचं कुणी पुसायचं नाही. सरकार कुणाचं, कॉम्प्युटर आला तर कारकुनांचं काय, सगळ्यावर लोक तुटून पडायचे. एका उन्हाळ्यात मी लिहिलं, "बागायतीच्या वाड्यांतले डिझेल पंप रात्रंदिवस पाणी ओढतात, म्हणून खाडीचं पाणी झिरपून पाड्याची विहीर खारी झाली." संध्याकाळी पाहतो तर फळा सांभाळणारे मास्तर माझंच पुसत होते. पंप त्यांच्याही वाडीत होता. मी त्यांचा हात धरला, तर म्हणाले, "अरे, दिल्लीवर लिही, कॉम्प्युटरवर लिही. गावात भांडणं कशाला लावतोस?" रोज माझ्याशी तावातावाने भांडणारे भोवती उभे राहून नुसते बघत होते. रिकामी कळशी घेऊन चाललेली पाड्यावरची बाई तेवढी थांबली. "पुसलंत ना मास्तर? आता पानी गोडं करा." सगळे हसले, मास्तरसुद्धा. पुढे ती विहीर बुजवली. तेव्हापासून मी गावच्या पाण्यावर पत्रकं छापून घरोघर टाकतो, त्याच लोकांच्या घरी. ते ती वाचतात, आणि भेटल्यावर मला दिल्लीचं विचारतात.