आईची सोय खाली केली

माझ्या आईला मी बंदरावरच्या एका लॉजमध्ये एकटीला ठेवलं, आणि स्वतः वरच्या आळीत पंगतीला बसून जेवलो. हे मी आजवर कुणाला पहिल्यापासून सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे. मुलीला सगळं माहीत आहे, पण ते तिनं ओळखलेलं. मी सांगितलेलं नाही.

सुरुवात झाली ती ऑफिसात. उस्मानपुऱ्यात आमचं ऑफिस. दुपारचा चहा चालू होता. तीन कुटुंबांनी मिळून कोकणात जायचं ठरलं होतं. समुद्रकाठचं एक शहर. त्याचं नाव घेत नाही, कारण दोष शहराचा नाही. आमचे साहेब राजोपाध्ये. त्यांचे आजोबा पैठणला भटकी करायचे, हे ते स्वतःच हसत सांगायचे. त्यांनी राहायचं ठिकाण शोधलं होतं. वरच्या आळीत, देवळाजवळ, एका काकूंचं घर. खोल्या स्वच्छ, जेवण घरचं. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

काकूंनी विचारलं, "मंडळी कोण कोण?"

"आम्ही राजोपाध्ये. बरोबर देशमुख. आणि पाचोडकर."

"पाचोडकर म्हणजे कोणते हो? नाही, आमच्याकडे स्वयंपाकघरातच पंगत बसते. शेजारी देवघर. म्हणून आधी विचारलेलं बरं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाकडं बघितलं. उत्तर दिलं ते भाऊसाहेब देशमुखांनी. माझ्याच पोस्टवरचा माणूस, पाचोडला बागायत, दर बाजाराला गावी जाणारा. म्हणाला, "सांगा की साहेब, आमच्याच पाचोडचे हायेत म्हणावं. फक्त घर जरा ओढ्याच्या पल्याड."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडावर कुठंतरी चिकटलेलं आहे असं वाटतं.

साहेबांनी फोनवर हात धरला. आवाज मऊ केला. "मनावर घेऊ नका, पाचोडकर. बाई जुन्या वळणाची आहे. तुमची सोय आपण खाली बंदराकडं करू. तुम्हाला मासेही मिळतील. दिवसभर आपण एकत्रच."

मी म्हणालो, "हो साहेब. बरंच पडेल ते."

एवढंच. कुणी शिवी दिली नाही. कुणी हाकललं नाही. सोय केली.

आडनावाचं सांगतो. पाचोडकर हे आमचं मूळ आडनाव नाही. नोकरी लागली तेव्हा मी या शहरात खोली शोधत फिरलो. जुनं आडनाव सांगितलं की खोली सकाळीच गेलेली असायची. आत पंखा लावायचं काम चालू असायचं, दारावर भाड्यानं देणे असा पुठ्ठा लटकत असायचा, तरी खोली गेलेली असायची. मग मी रीतसर गॅझेट करून गावाचं नाव लावलं. आमच्यातल्या पुष्कळांनी तसं केलंय. गावाच्या नावामागं माणूस लपतो. फक्त एक चूक झाली. गावाचं नाव लावलं की त्या गावचा दुसरा माणूस भेटेपर्यंतच लपता येतं. मला भाऊसाहेब भेटले.

आईनं तेव्हा विचारलं होतं, "गाव नाव देतंय व्हय रे? गावानं पाणी तरी कधी वरून वाढल्याबिगर दिलं का?" मी तिला म्हणालो, तुला नाय कळायचं.

फोननंतर दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "काकूंशी नीट बोललो. तुम्ही, वहिनी, मुलगी, काही अडचण नाही. हल्ली एवढं कोण बघतंय? फक्त आईंचं बघा."

"म्हणजे?"

"त्या ऑफिसात आल्या होत्या ना एकदा. सगळ्यांना मोठ्यानं जयभीम घालत होत्या. चांगलंच आहे ते. पण तिथं त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. त्यांची सोय खाली करा."

आता जे लिहितो ते लिहायला जड जातं. मला राग आला नाही. मला बरं वाटलं. मला, माझ्या बायकोला, माझ्या लेकीला वर घेतलं होतं. वीस-बावीस वर्षं इस्त्रीचे कपडे घालून, जपून बोलून, डबा झाकून खाऊन मी जे कमावलं, ते आज कुणीतरी मान्य केलं असं वाटलं. आणि त्याची किंमत आई होती. मी किंमत दिली. घासाघीससुद्धा केली नाही.

खरं तर ही सगळी सहल आईसाठी होती. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. ऑपरेशनला ती भ्यायची. म्हणायची, "डोळे जायच्या आधी एकदा समुद्र दाव. जायकवाडीचं धरण बघितलं. त्याच्याहून मोठा असतो म्हणत्यात." म्हणून मी ऑफिसच्या सहलीत नाव घातलं होतं. एकट्यानं गाडी करणं परवडत नव्हतं म्हणून.

पडेगावच्या आमच्या घरात, ती तांदूळ निवडत बसली असताना, मी तिला सांगितलं, "आई, वरच्या घराला जिने लई आहेत. तुझ्या गुडघ्यांना झेपायचे नाहीत. तुला खाली खोली घेतो. अगदी समुद्राजवळ."

ती म्हणाली, "तू म्हणशील तसं, बाबा."

तिनं सुपातून नजरही वर केली नाही. मला वाटलं, सुटलो.

त्या शहरात पोचलो तेव्हा गाडी आधी बंदराकडं घ्यायला लावली. लॉजच्या खाली बर्फाचा कारखाना. जिन्यात पाणी साचलेलं, वास. हो, जिना होता. अरुंद, कठड्याशिवायचा. आई एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली. मी मागं बॅग घेऊन. गाडीत हॉर्न वाजत होता. खोलीला खिडकी होती, पण ती कारखान्याच्या पत्र्यावर उघडायची. मी म्हणालो, दुपारी येतो. ती म्हणाली, "जा, मानसं खोळंबलीत."

वरच्या घराला दोन पायऱ्या होत्या. अंगण सारवलेलं. माझी लेक प्रज्ञा गाडीतून उतरली, त्या दोन पायऱ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. अकरावीत होती तेव्हा.

दुपारी पंगत बसली. केळीची पानं. वालाचं बिरडं, आमटी-भात, सोलकढी. काकू स्वतः वाढत होत्या. प्रेमानंच वाढत होत्या. माझ्या पानावर त्यांनी तूप सोडलं तेव्हा मी दोन्ही हात जोडले. कशासाठी जोडले? पैसे भरले होते मी.

प्रज्ञानं विचारलं, "पप्पा, आजी कुठं जेवेल?"

भाऊसाहेब पापड मोडत होते.

मी म्हणालो, "ती खाली जेवेल. तिला मासे मिळतील तिथं."

साहेबांचं वाक्य होतं ते. माझ्या तोंडून, माझ्या आवाजात, जसंच्या तसं आलं.

"आजी मासे खात नाही. काट्याला भिते ती. तुम्हाला माहितीये."

आणि ती उठली. हात धुतला. चपला घालून चालू लागली. काकू म्हणाल्या, "अगं, भरल्या पानावरून असं उठू नये बाळा." बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "जाऊ दे. हट्टी आहे."

मग मी जेवलो. पान पूर्ण केलं. भात पुन्हा घेतला. टाकलं तर नाव ठेवतील म्हणून शेवटचं शीतही उचललं. हे मी कबूल करतो. लोक म्हणतात, अपमानाचा घास घशाखाली उतरत नाही. उतरतो. व्यवस्थित उतरतो.

जेवण करून खाली गेलो. त्या दोघी धक्क्याच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. मध्ये पेपरवर वडापाव. आई डोळ्यावर हाताची सावली धरून समोर बघत होती.

"धरणाला पल्याडचा काठ दिसतो," ती म्हणाली. "ह्याला नाय. लई वाईट वाटतं रे बघून. कुणाचंच गाव नाय तिकडं."

मी शेजारी बसलो. प्रज्ञा सरकली. जागा द्यायला नाही. लांब जायला.

आईनं विचारलं, "वर लई जिने हायेत का रे?"

"लई आहेत."

"मग दमला असशील. टेक जरा."

आणि तिनं पदरानं माझं कपाळ पुसलं. उन्हानं आलेला घाम होता तो. तिला वाटलं चढून-उतरून आला.

तेव्हा सांगायला हवं होतं. पायरीवर बसून, समुद्रासमोर, दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, "वडापाव खाऊ नको, तेलकट असतो."

प्रज्ञा परत वर आली नाही. ती आजीजवळच राहिली. तिची बॅग मी खाली पोचवली. साहेबांना सांगितलं, आजीची लाडकी आहे. साहेब म्हणाले, "छान. असं पाहिजे."

निघायच्या दिवशी बॅगा गाडीत भरल्या. हिशेब झाला होता. काकू अंगणात उभ्या होत्या, सगळ्यांच्या हातावर आमसुलांची पुडी देत. मला पुडी दिली आणि म्हणाल्या, "पाचोडकर, तुम्ही अगदी आमच्यातलेच वाटता हो. सांगितल्याशिवाय कळायचं नाही."

त्या चांगल्या मनानं म्हणाल्या. म्हणूनच असेल, आत काहीतरी तुटलं. मला शाबासकी मिळत होती. आईला खाली ठेवून मी पास झालो होतो.

मी पुडी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. म्हणालो, "काकू, मी तुमच्यातला नाही. आम्ही बौद्ध. माझी आई खाली बंदरावर आहे. तुमच्या पंगतीला चालणार नाही म्हणून ठेवली तिला तिथं."

राजोपाध्ये साहेब गाडीतून म्हणाले, "पाचोडकर, याची काही गरज होती का आता?"

काकूंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "पण तुमच्या आईंचं मला कुणी विचारलंच नाही हो. आजी आहेत हेच मला त्या मुलीमुळं कळलं."

त्या खरं बोलत होत्या की वेळ मारून नेत होत्या, कळलं नाही. अजून कळलेलं नाही. साहेबांकडं बघितलं, तर ते ड्रायव्हरला रस्ता सांगत होते. भाऊसाहेब पुटपुटले, "चला राव, उशीर व्हायलाय."

माझं बोलणं तेवढंच. लोक याला धाडस म्हणतील. नाही. बॅगा भरल्यावर बोललो. पुन्हा त्या घरात जायचं नव्हतं तेव्हा बोललो. ज्या दिवशी बोलायचं होतं त्या दिवशी मी "बरंच पडेल" म्हणालो होतो.

बंदरावरून दोघींना गाडीत घेतलं. परतीच्या वाटेवर आई खिडकीशी झोपली होती. मी एकाच गोष्टीवर अडलो होतो. काकूंना कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांना तोंड उघडून नाही म्हणावं लागलं असतं. माझ्याकडं बघून. कदाचित म्हणाल्या असत्या. कदाचित जीभ अडली असती. पण मी ती वेळच येऊ दिली नाही. त्यांचा नकार मीच आधी देऊन टाकला, माझ्या आईला, जिन्यांच्या नावानं. पूर्वी आमच्या वस्त्या त्यांनी गावाबाहेर ठेवल्या. आता आम्ही शिकलो, तर आपली आपण बाहेरची जागा शोधतो, आणि त्यांना म्हणतो, तुम्ही त्रास घेऊ नका.

ऑफिसात त्यानंतर काही बदललं नाही. मी तसाच कामाला जातो. साहेब निवृत्त झाले, निरोपसमारंभात माझ्याकडून दोन शब्द बोलवून घेतले, मी बोललो. भाऊसाहेब अजून शेजारच्या टेबलावर आहेत. एकदा म्हणाले, "तुमची पोरगी लई तापट." मी म्हणालो, "तापट नाही, भाऊसाहेब. ती माझ्यासारखी नाही." त्यांनी फाईल पुढं ओढली. पण बस, एवढंच. जगाचं काही वाकडं झालं नाही.

यंदा प्रज्ञाला मुंबईत नोकरी लागली. राहायचं कुठं, कोणत्या भागात, यावर घरात रोज बोलणं. तिच्या मैत्रिणी म्हणतात अमुक भाग चांगला, तमुक नको. घरमालकांशी फोनवर बोलायचं काम मी मागून घेतलं. आधी भाड्याचं विचारत नाही. आधी सांगतो: "आम्ही बौद्ध आहोत. मुलगी राहील. तिची आजी अधूनमधून राहायला येईल. ती सगळ्यांना जयभीम म्हणते. चालतं का?"

एकानं फोन ठेवला. एक जण म्हणाला, सोसायटीला विचारून सांगतो. मी म्हणालो, "नाही म्हणायचं असेल तर तुम्हीच म्हणा. मी थांबतो." मी फोन धरून थांबलो. बराच वेळ. शेवटी तो म्हणाला, "नाही जमणार." मी म्हणालो, ठीक. त्यानं काही मिळालं नाही. खोली अजून मिळालेली नाही. पण नाही तो म्हणाला. मी नाही.

इथून पुढं हेच करणार. मिळो न मिळो. त्यांचं नाही मी माझ्या तोंडानं म्हणणार नाही, आणि माझ्या माणसाला त्याची खोटी कारणं सांगणार नाही.

आई घरातच असते. एका डोळ्यानं आता दिसत नाही. शेजारच्या बायकांना सांगते, "माझ्या लेकानं मला समुद्र दावला. माझे गुडघे दुखतात म्हणून येगळी खोली घेऊन दिली." मी आत बसून ऐकतो. बायका म्हणतात, नशीबवान आहात.

जिने नव्हते, आई. दोन पायऱ्या होत्या. हे मी इथं लिहिलं. तिला अजून सांगितलेलं नाही. ते तिचं देणं आहे माझ्यावर, आणि ती ऐकू शकते तोवरच ते फेडता येईल.