नानांची ॲव्हरेज टेस्ट

आमच्याकडे कॅरॅव्हॅन होती, पण ती ओढायला गाडी नव्हती.

माणसं आधी गाडी घेतात. मी एका रविवारी, सेकंडहॅण्ड कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, स्वस्तात मिळतेय म्हणून ती घेऊन मोकळा झालो, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की आमची चिमुकली हॅचबॅक तिच्यापुढे जागची हलत नाही! ही दोन हजार सहाची गोष्ट. आम्ही तेव्हा जर्मनीत हायडेलबर्गला राहायचो आणि पुण्याहून माझे सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आले होते.

सासरे, म्हणजे नाना, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मी केलेलं कुठलंही काम ते पुन्हा एकदा करून बघत. मी गॅस बंद केला की ते उठून बटण दाबून बघणार. मी पासपोर्ट ठेवले की ते बॅग उघडून मोजणार. तोंडाने चकार शब्द नाही! लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि या गृहस्थाने निदान एकदा तरी माझ्यावर विश्वास टाकावा एवढीच माझी इच्छा होती. म्हणून ठरवलं, ओढणारी गाडी अशी घ्यायची की नानांना पुन्हा तपासायला काही उरता कामा नये.

दोन डिझेल पिकअप विकायला होते. एक मायदेशी परत निघालेल्या एका अमेरिकन सैनिकाचा. मागे चार चाकं, आणि बॉनेट एवढं मोठं की त्यावर पापड वाळत घालावेत. दुसरा फ्राउ क्रामरचा. या बाईंचा घोड्यांचा तबेला होता आणि आवाज घोड्यांनाही दचकवणारा होता.

"दोन्ही ॲव्हरेज किती देतात?" नानांनी विचारलं.

"नाना, रिकामी असताना की ओढताना?"

"ओढतानाच! रिकामी काय, कुठलीही गाडी देईल."

अमेरिकन म्हणाला होता, ओढताना गॅलनला बारा मैल. नानांनी डायरीत हिशेब केला. लिटरला जेमतेम पाच! त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनीच टेस्ट ठरवली. एकच रस्ता, एकच कॅरॅव्हॅन, आणि वजन खऱ्या ट्रिपइतकं. म्हणून मागच्या सीटवर तांदळाची पोती, कुकर आणि सासूबाई! (सासूबाईंचा गाडीत बसल्यावर एकच कार्यक्रम असतो. डोक्यावरून शाल ओढून झोपणे.)

सकाळी गावाबाहेरच्या पंपावर गेलो. अमेरिकनाच्या गाडीची पहिली पाळी. फ्राउ क्रामर अकरा वाजता तिथेच आपली गाडी घेऊन येणार होत्या.

"टाकी काठोकाठ भरा," नाना म्हणाले.

"भरली. पंप आपोआप बंद झाला."

"तो होणारच. आत हवा असते. गाडी हलवा!"

आपल्याकडे गाडी हलवून टाकीत आणखी दोन घोट घालतात, हे कुणाला सांगायला नको. पण ही गाडी तीन टनांची, शिवाय मागे कॅरॅव्हॅन! मग नानांनी फर्मान काढलं, "आधी कॅरॅव्हॅन सोडा." ती सोडून, दोघांनी ढकलत बाजूच्या मोकळ्या जागेत नेऊन लावली. मग परत येऊन एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने नाना, असे गाडी गदागदा हलवू लागलो. काउंटरवरचा माणूस धावत बाहेर आला.

"आलेस इन ओर्डनुंग?" म्हणजे, सगळं ठीक आहे ना?

"या, या! गेनाऊ!" हो हो, अगदी बरोबर, असं मी धापा टाकत म्हणालो. काय गेनाऊ, ते मलाही ठाऊक नव्हतं!

आणखी दीड लिटर डिझेल गेलं. मी पैसे द्यायला आत गेलो. परत आलो तर नाना गाडीत बसून डायरीत वेळ लिहीत होते. आम्ही निघालो.

काय चालली ती गाडी! नेकार नदीच्या काठाने लोण्यासारखी! आरशात मागचा रस्ता इतका स्वच्छ दिसत होता की अमेरिकन आरशांचं मी मनापासून कौतुक केलं.

"नाना, कॅरॅव्हॅन मागे आहे असं वाटतच नाही!"

"हळू बोला, ही झोपलीय," नाना कुजबुजले. मग डॅशबोर्डच्या स्क्रीनवरचे मैल आणि गॅलन डायरीत उतरवून त्यांनी आकडेमोड केली, ती पुसून पुन्हा केली. "सुहासराव, नऊ देतेय! ओढताना नऊ!" त्यांचा आवाज चक्क कापत होता. "गाडी चांगली हेरलीत तुम्ही."

मला भरून आलं. सात वर्षांनी!

पुढच्या एबरबाख गावातून मागे वळून तासाभराने पंपावर परतलो. पुन्हा टाकी भरायची, म्हणजे पुन्हा गाडी हलवायची, म्हणून मी कॅरॅव्हॅन सोडायला मागे गेलो. हुकाला काहीच नव्हतं.

"नाना, कॅरॅव्हॅन तुम्ही पुन्हा जोडली होती ना?"

"मी? तुम्ही नाही जोडलीत?"

आम्ही दोघांनी मोकळ्या जागेकडे पाहिलं. तिथेही कॅरॅव्हॅन नव्हती!

"चोरीला गेली," नाना पुटपुटले. "हिला एवढ्यात उठवू नका, घाबरेल."

पण सांगायला तर हवंच. मी हलकेच शाल बाजूला केली. खाली तांदळाची पोती होती.

नाना मटकन फूटपाथवर बसले. तेवढ्यात मोबाइल वाजला. माझी बायको, मेघना.

"अरे, आई घोडेवाल्या बाईंबरोबर कॅरॅव्हॅन घेऊन घरी कशी आली? आणि तुम्ही दोघं कुठे आहात?"

घरी पोचलो तेव्हा दोघी बायका चहा पीत होत्या. एक मराठीत बोलत होती, दुसरी जर्मनमध्ये, आणि गप्पा रंगात आल्या होत्या. "तुम्ही गाडी हलवायला लागलात, मला मळमळायला लागलं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून शाल पोत्यांवर टाकून कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन पडले. जागी झाले तर तुमचा पत्ता नाही! मेघनाने पर्समध्ये पत्त्याची चिठ्ठी ठेवली होती म्हणून बरं. या बाई अकराला आल्या, वाट पाहिली, आणि शेवटी कॅरॅव्हॅन जोडून मला घेऊन आल्या."

म्हणजे त्या दिवशी कॅरॅव्हॅन खरोखर ओढली ती एकट्या फ्राउ क्रामर यांनी. आम्ही मुकाट्याने त्यांचीच गाडी घेतली.

सासूबाईंचा राग मात्र नानांवर होता. "अहो, यांच्या प्रत्येक कामावर तुम्ही दुसरा हात फिरवता. आजच का नाही बघितलंत?"

नाना खाली मान घालून म्हणाले, "म्हटलं, आज सुहासरावांनी जोडली असेलच. सारखं सारखं काय तपासायचं माणसाला?"

सात वर्षांत नानांनी माझ्यावर डोळे झाकून विश्वास टाकला, तो एवढा एकदाच!